चूक, चूक, चूक, चूक, बरोबर

थोरलीला धाकटी आवडत नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. धाकटी स्वयंपाकघरात आली की थोरलीच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजायची, आणि मांजर उठून बाहेर जायचं.

दोघी जावा. राहायच्या एका घरात आणि गणित शिकवायच्या एकाच क्लासमध्ये. क्लास सासऱ्यांचा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक फळा टांगला आणि बारा मुलं बसवली. आता खाली शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन वर्ग भरायचे, मध्ये घडीचं लाकडी दार, आणि वर गच्चीला लागून आणखी एक खोली. त्या खोलीत वरचा वर्ग, म्हणजे शेवटच्या वर्षाची निवडक वीस मुलं. हा वर्ग सासरे स्वतः घ्यायचे. त्या खोलीची किल्ली त्यांच्या खुर्चीमागे खिळ्याला लटकलेली असायची आणि तिला दुसऱ्या कोणाचा हात कधी लागला नव्हता.

यंदा मात्र सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. फळ्यावरचा अधिक आणि गुणिले सारखेच दिसायला लागले, तेव्हा त्यांनी जेवताना जाहीर करून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून वरचा वर्ग तुमच्यापैकी एकीने घ्यायचा. कोणी घ्यायचा ते मी नाही ठरवणार, मार्क ठरवतील. दोन्ही वर्गांना एकच पेपर. जिची मुलं पुढे, तिला किल्ली."

थोरली चौदा वर्षं त्या किल्लीकडे बघत आली होती. लग्न होऊन आली तेव्हा पदवी ताजी होती. आठवड्याभरात सासऱ्यांनी तिच्या हातात खडू दिला, तो तिने दोन बाळंतपणांत सोडला तेवढाच. चौदा वर्षं तीच मुलं, तेच फळे, तोच खोकला. वरचा वर्ग आज ना उद्या आपलाच, हे तिने गृहीत धरलं होतं. आणि मग दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिरानं लग्न केलं. बायको कोण, तर एम.एस्सी. गणित, पहिला वर्ग, आणि वर हसरी! कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून थोरली गप्प राहिली. नऊ दिवस संपले, दोन वर्षं संपली, पण ते नवं काही जुनं होईना. धाकटीच्या वर्गातून हसण्याचे आवाज यायचे. गणिताच्या तासाला हसणं! लाकडी दाराच्या या बाजूला थोरलीची मुलं माना वळवायची. गेल्या महिन्यात पाच मुलांनी अर्ज केला, आम्हाला नव्या बाईंच्या वर्गात बसू द्या. त्यात ती चष्मेवाली मुलगीही होती, जिला थोरलीने अपूर्णांकांपासून हाताला धरून वर आणलं होतं. तिची सही बघून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ज तिने सासऱ्यांपर्यंत पोचूच दिला नाही. पाचही जणांना आपल्याच वर्गात पहिल्या बाकावर बसवलं, नजरेसमोर.

त्या महिन्यात दोन्ही वर्गांत डेरिव्हेटिव्ह चालू होतं. म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते काढायचं गणित. सुरुवातीला सोपं असतं. पोरं फसतात ती गुणाकाराशी. दोन बदलत्या गोष्टी एकमेकींना गुणलेल्या असतील, तर त्या गुणाकाराचा बदल कसा काढायचा? दहातली नऊ मुलं म्हणतात, सोपं आहे की! दोघींचा वेगवेगळा काढायचा आणि गुणून टाकायचा. साफ चूक. खरा नियम असा की आधी पहिली तशीच ठेवून दुसरीचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, मग दुसरी तशीच ठेवून पहिलीचा घ्यायचा, आणि दोन्हींची बेरीज करायची. याला मुलं प्रॉडक्ट रूल म्हणतात.

थोरलीने त्यासाठी एक गाणं केलं होतं. "पहिली बसली, दुसरी नाचली, दुसरी बसली, पहिली नाचली, दोघींची बेरीज करून टाकली." टाळ्यांवर म्हणायचं. चौदा वर्षांत शेकडो मुलं हे गाणं घेऊन बाहेर पडली होती, त्यातली कोणी इंजिनियर झाली, कोणी बँकेत लागली, आणि रस्त्यात भेटली की अजून म्हणून दाखवायची. थोरलीला त्याचा अभिमान होता. धाकटीने ते गाणं पहिल्यांदा दारापलीकडून ऐकलं तेव्हा ती खुदकन हसली होती. "ताई, किती गोड आहे हो!" असंही म्हणाली होती. गोड! चौदा वर्षांच्या मेहनतीला गोड म्हणे. थोरली ते विसरली नव्हती.

तर एका शनिवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर थोरली पंखे बंद करायला धाकटीच्या वर्गात गेली. पंखे ही सबब. तिला फळा बघायचा होता. रोजच बघायची ती, आणि रोज त्यावर काहीतरी सापडायचं, ज्याने रात्रीचं जेवण कडू व्हायचं. रंगीत खडूंची चित्रं काय, बाण काय!

त्या दिवशी फळ्यावर लाल खडूने एक मोठी चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं: 'गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे दोघांच्या डेरिव्हेटिव्हचा गुणाकार.'

थोरलीने पुन्हा वाचलं. मग दार लोटून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. साफ चूक! तीच, दहातली नऊ मुलं करतात ती! आणि ती एम.एस्सी.च्या हातची, चौकटीत, लाल खडूने! थोरलीला इतका आनंद झाला की ती तिथेच पहिल्या बाकावर बसली. देवा, मागितलं नव्हतं एवढं दिलंस.

बसल्यावर तिला फळ्याचा खालचा कोपरा दिसला. तिथे बारीक अक्षरात, पांढऱ्या खडूने लिहिलं होतं: 'सोमवारी हे मोडायचं. तोवर पुसू नये.'

थोरली मूर्ख नव्हती. क्षणात तिच्या लक्षात आलं. धाकटीने मुलांनाच विचारलं असणार, तुम्हाला काय वाटतं? मुलांनी नेहमीचा चुकीचा अंदाज सांगितला असणार. तो तिने चौकटीत लिहून दोन दिवस मुरायला ठेवला होता. सोमवारी चार वाजता वर्ग भरला की ती सांगणार, एक्स गुणिले एक्स घ्या. तुमच्या नियमाने उत्तर एक येतं. पण तो तर एक्स वर्ग, त्याचं उत्तर दोन एक्स असतं हे तुम्ही मागच्या आठवड्यातच शिकलात. मग? मुलं स्वतःच्या हाताने आपला नियम मोडणार, आणि स्वतः मोडलेलं कोण विसरतं? शिकवायची रीत म्हणून झकास होती. थोरलीला चौदा वर्षांत ती सुचली नव्हती. आनंद गेला कुठल्या कुठे.

दिवे घालवून ती बाहेर आली, आणि स्वयंपाकघरापर्यंतच्या वीस पावलांत तिचा बेत ठरला.

"बाबा," चहाचा कप सासऱ्यांच्या हातात देत ती म्हणाली, "पेपर बुधवारी धरलाय खरा, पण बुधवारी पंखे दुरुस्तीवाला यायचाय. सोमवारी सकाळीच उरकून घेऊ या का? प्रॉडक्ट रूलवर पाच गणितं घालते."

"दोन्ही वर्गांत झालाय शिकवून?"

"फळ्यावर आहे की तिच्या," थोरली म्हणाली. शब्दाने खोटं नव्हतं ते.

सासरे खूश झाले. अचानक परीक्षा हा त्यांचा आवडता प्रकार. "सांगून येते ती परीक्षा नव्हे, पाहुणी," ते म्हणाले. "मुलांना फक्त साडेसातला या म्हणून कळव. बाकी कोणाला काही बोलू नकोस."

धाकटी रविवारी सकाळीच माहेरी जायची होती, ती सोमवारी दुपारपर्यंत येणार नव्हती. हेही थोरलीच्या हिशेबात होतंच.

रविवारी तिने पेपर काढला. पहिली चार गणितं सरळ होती. पाचव्यासाठी मात्र तिने डोकं चालवलं. नुसतं हरवून भागणार नव्हतं, फरक डोळ्यांत भरायला हवा होता. एक्स, गुणिले, एक भागिले एक वजा एक्स. दिसायला एवढंसं, पण पोटात वजाबाकी लपलेली. डेरिव्हेटिव्ह घेताना दोनदा वजा चिन्ह येतं, मग छेद सारखे करायचे, मग वरचा एक्स खालून वर आलेल्या एक्सला खाऊन टाकतो, आणि शेवटी उरतं एक भागिले, एक वजा एक्सचा वर्ग, म्हणजे नुसत्या एक्सचा नाही, अख्ख्या 'एक वजा एक्स'चा. शंभरदा गाणं म्हणणारीही इथे ठेचकाळतील. बिननियमाची तर आपटणारच. संध्याकाळी नवऱ्याकडून प्रती काढून घेऊन तिने पेपर कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

सोमवारी परीक्षा झाली. मधलं लाकडी दार उघडून सासरे स्वतः दोन्ही वर्गांवर बसले. त्यांच्या क्लासची एक जुनी रीत होती: उत्तरं एका अरुंद कागदाच्या पट्टीवर, पाच चौकोनांत, फक्त उत्तर. कच्चं काम मुलांनी वेगळ्या कागदावर करायचं आणि घरी घेऊन जायचं. प्रश्नपत्रिका मात्र मोजून परत घ्यायच्या. "कसं केलं ते मला दाखवू नका," सासरे म्हणायचे. "उत्तर बरोबर म्हणजे रीत बरोबर. चुकीच्या वाटेने बरोबर गावाला कोणी पोचत नाही." हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं म्हटलं होतं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते लाकडावर कोरून आणून दिलं होतं, ते दारावरच लावलं होतं.

दहाला तपासणी सुरू झाली. थोरली पट्टी वाचणार, सासरे डोळे मिटून ऐकणार आणि बरोबर-चूक सांगणार. आधी थोरलीचा वर्ग झाला. चार गणितं बहुतेकांची बरोबर, पाचवं मात्र चौतीसपैकी सोळा जणांचं वजा चिन्हात चुकलं. थोरली मनात चरफडली, पण म्हटलं, असू दे, पुढे बघ.

मग धाकटीचा वर्ग आला. पहिली पट्टी.

"पहिलं, दोन एक्स कॉस एक्स."

"चूक," सासरे म्हणाले.

दुसरं चूक. तिसरं चूक. चौथं चूक. थोरलीचा आवाज कसा स्वच्छ, मोकळा लागला होता. "पाचवं, एक भागिले, एक वजा एक्सचा वर्ग."

"बरोबर."

थोरली थबकली. असेल एखादा हुशार. दुसरी पट्टी उचलली. चूक, चूक, चूक, चूक, बरोबर. तिसरी. चूक, चूक, चूक, चूक, बरोबर. सातव्या पट्टीला सासऱ्यांनी डोळे उघडले. बाराव्या पट्टीला ते सरळ होऊन बसले. बत्तीस पट्ट्या, आणि बत्तीसही पट्ट्यांवर तेच. सर्वांत अवघड गणित बत्तीसच्या बत्तीस बरोबर, आणि बाकीच्यांत नियमाचा पत्ता नाही.

"नियमच येत नाही यांना," सासरे सावकाश म्हणाले. "दोघांचं गुणून टाकलंय सगळ्यांनी. आणि पाचवं बरोबर? चुकीच्या वाटेने?" त्यांचा चेहरा बघून थोरलीला भीती वाटली. "हे उत्तर यांना कोणीतरी दिलंय."

"पण बाबा, द्यायचं तर पाचही दिली असती ना?"

"शहाणा चोर सगळं नेत नाही. अवघड तेवढं नेतो. शनिवारी रात्री पेपर घरात होता?"

"नाही. रविवारी दुपारी लिहिला." हे ओठांवर आलं होतं. पण थोरलीने ते गिळलं आणि नुसती मान हलवली. त्या हलवण्यातून काय घ्यायचं ते सासऱ्यांनी घेतलं.

साडेअकराला धाकटी आली. हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल, दारातूनच, "ताई, आईने तुमच्यासाठी..." आणि सासऱ्यांनी तिला उभ्याउभ्याच विचारलं, पेपर कधी पाहिलास?

"कुठला पेपर?"

मग सगळं निघालं. धाकटी आधी गोंधळली, मग पांढरी पडली. "बाबा, मी पेपर पाहिलेला नाही. परीक्षा होती हेच मला आत्ता कळतंय. माझ्या मुलांना खरा नियम अजून सांगितलेलाच नाही, आज चारला सांगणार होते."

"मग पाचवं कसं आलं? बत्तीस जणांना?"

"पाचवं काय होतं ते तरी सांगा!"

"आता बघून काय करणार? पेपर परत गेले की कोणाला दाखवायचे नाहीत, ही इथली रीत आहे. ती तुला दोन वर्षांत माहीत नाही होय?"

धाकटीने सासऱ्यांकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरली पट्ट्यांना रबर लावत होती. ते रबर काही केल्या नीट बसत नव्हतं.

"मला चोर म्हणतात त्या वर्गात मी खडू धरणार नाही," धाकटी म्हणाली. "माझं सामान घेते आणि येते." आणि ती आपल्या वर्गात गेली.

मागे न बघता सासऱ्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि टेबलावर थोरलीसमोर ठेवली.

आता बोला! चौदा वर्षं. हात लांब करायचा अवकाश. पण थोरली म्हणाली, "आलेच," आणि उठून घरात गेली. कारण तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पेपर धाकटीने पाहिला नव्हता, हे जगात एकट्या तिला माहीत होतं. कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात होती. मग बत्तीस पोरांना उत्तर दिलं कोणी? प्रती काढल्या होत्या तिच्या नवऱ्याने. आणि नवरा धाकटीच्या प्रत्येक विनोदाला हसतो. हो की! तिच्या डोक्यात लख्ख पेटलं.

नवरा मागच्या खोलीत प्रती काढायच्या यंत्राची शाई बदलत होता. "तुम्ही पेपर दाखवलात तिला?" थोरलीने दारातूनच तोफ डागली.

"कोणाला?"

"कोणाला काय! तुमच्या लाडक्या भावजयीला!"

नवऱ्याने काळे झालेले हात वर केले. "बाई गं, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी फक्त पानं मोजतो. सहासष्ट काढली, सहासष्ट दिली. आणि ती काल सकाळीच गेली ना माहेरी? तू पेपर दिलास संध्याकाळी." मग जरा थांबून, "काय झालंय काय? चेहरा बघ आरशात."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! थोरली खाटेवर बसली. चारही गणितांत मुलांनी दोघांचं गुणून टाकलं होतं. मग पाचव्यातही तेच केलं असणार, त्यांना दुसरं येतच नव्हतं. समजा केलं. तिने दूधवाल्याची चिठ्ठी उलटी केली आणि पेन्सिल घेतली. एक्सचा डेरिव्हेटिव्ह एक. दुसऱ्याचा, एक भागिले, एक वजा एक्सचा वर्ग. गुणले.

एक भागिले, एक वजा एक्सचा वर्ग.

तिने ते पुन्हा केलं. पुन्हा तेच. चुकीच्या वाटेने गाव आलं होतं, आणि ते गाव तिनेच, स्वतःच्या हाताने, अगदी विचार करून निवडलं होतं. जगातल्या लाखो जोड्यांमधून नेमकी ही. धाकटीला बुडवायला खणलेल्या खड्ड्यात धाकटीची बत्तीस मुलं कोरड्या पायांनी उतरून बाहेर आली होती, आणि थोरलीची सोळा त्यातच पडली होती. ती एकटीच मोठ्याने हसली. नवरा घाबरून बघत राहिला.

हसू गेल्यावर मात्र तिला कळलं की ती कुठे बसलीय. हे आता फक्त तिला माहीत होतं. धाकटीला पाचवं गणित कोणी दाखवणार नव्हतं. सासरे चाळीस वर्षांच्या वाक्याविरुद्ध तपासून बघणार नव्हते. गप्प बसलं की झालं. किल्ली टेबलावर होती. आणि बोलायचं तर पहिला प्रश्न येणार, चुकीच्या नियमाने सोडवून बघायचं तुला कसं सुचलं? तिने चिठ्ठीची घडी घातली. उलगडली. बसल्या बसल्या, हात थांबेना म्हणून, एक्सच्या जागी एक्स वर्ग घेऊन पाहिला, त्यालाही अशी एखादी लबाड जोडीदार असते का? घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेबाराला ती सापडली: एक भागिले, दोन वजा एक्सचा वर्ग. तिने ते दोनदा तपासलं. बरोबर होतं. छाती भरून आली. असं कधीपासून झालं नव्हतं? अकरा वर्षं? बारा?

तेवढ्यात धाकटीच्या वर्गातून खडूचा डबा पडल्याचा आवाज आला. थोरली उठली.

सासरे तिथेच होते. धाकटी दोन पिशव्या घेऊन दारात आली होती. थोरलीने कोणाकडे न बघता भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर पाचवं गणित लिहिलं, चुकीच्या नियमाने सोडवलं आणि उत्तराखाली रेघ ओढली. "बाबा, कोणी काही दिलेलं नाही. ही एक जोडी अशी आहे की चुकीच्या नियमानेही बरोबर येतं. मुलांनी प्रामाणिकपणे चूक केलीय."

सासऱ्यांनी तिला ते तीनदा वाचायला लावलं. नंतर ते उठून फळ्याजवळ गेले, नाक टेकेल इतक्या जवळ. आणि परत येऊन बसले तेव्हा म्हातारे दिसले.

"सूनबाई," ते धाकटीला म्हणाले, "चुकलो मी. माफ कर." मग थोरलीकडे वळले. "पण तुला हे सुचलं कसं?"

"शनिवारी पंखे बंद करायला गेले होते. तिच्या फळ्यावर तो नियम लिहिलेला पाहिला." एवढं बोलून थोरली थांबली.

"शाबास!" सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "दुसरी असती तर गप्प बसली असती. याला मोठं मन लागतं. मार्कांतही तुझीच मुलं पुढे आहेत. घे, ही किल्ली तुझीच." आणि खरंच, त्यांनी ती तिच्या हातात ठेवली. थंडगार होती, आणि वाटलं होतं त्याहून हलकी.

धाकटी फळ्याकडे बघत होती. तिच्या पिशव्या खाली राहिल्या होत्या आणि चेहऱ्यावर अपमानाची खूणही उरली नव्हती. "अय्या, खरंच की! ताई, किती सुंदर आहे हे!" ती म्हणाली, एखाद्या लहान मुलीने म्हणावं तसं. आणि मग तिने थोरलीकडे वळून पाहिलं.

कोपरा. थोरलीला कळलं, हिला कोपरा आठवलाय. फळा पाहिला त्याने कोपराही वाचला असणार, आणि कोपरा वाचला त्याने सोमवार सकाळ का निवडली असणार, हे कळायला एम.एस्सी. लागत नाही. थोरली वाट बघत उभी राहिली. आता बोलेल. बोल, बये, बोल एकदाची.

धाकटीने तोंड उघडलं, सासऱ्यांकडे पाहिलं, थोरलीच्या मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अभिनंदन, ताई."

बस. एवढंच. सगळं समजून, सगळं गिळून, अभिनंदन! थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. हुशारी तिची, हसणं तिचं, मुलं तिची, शिकवायची रीतही तिचीच, आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच? तो तरी मेला माझ्यासाठी ठेवायचा होता! उद्यापासून वरच्या वर्गाचं दार उघडताना रोज वाटणार, ही किल्ली हिच्या मेहेरबानीची. नको. जळून मेलेलं परवडलं.

"बाबा," ती म्हणाली, जवळजवळ ओरडलीच, "फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, सोमवारी हे मोडायचं. ते मी वाचलं होतं. ती मोडायच्या आत परीक्षा व्हावी म्हणून सोमवारची सकाळ धरली. पंखेवाला कोणी येणार नव्हता. पेपरही मी रविवारी लिहिला, शनिवारी तो घरात नव्हताच."

सासऱ्यांनी हळूच हात पुढे केला. थोरलीने किल्ली त्यांच्या हातात दिली नाही. ती दोन पावलं चालली आणि धाकटीच्या पिशवीत टाकून आली.

"ताई, मी काही बोलले नव्हते," धाकटी पुटपुटली.

"म्हणूनच!" थोरली म्हणाली.

सासरे उठले. दारावरची ती लाकडी पाटी त्यांनी उतरवली, काखेत मारली आणि आत गेले. थोरलीशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. ते तिने ओळखूनच ठेवलं होतं. डोळे भरून आले होते, ते तिने पदराला न पुसता तसेच राहू दिले आणि ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने धाकटी मागोमाग आली. दाराशी घुटमळली. "दोन दिवस थांबायचं होतं ना, ताई. बुधवारी माझी मुलं तशीही हरली असती तुमच्यापुढे. त्यांचा हात अजून बसलेला नाही."

थोरलीने ताट आपटलं. मांजर उठून बाहेर गेलं.

"बरं, एक विचारू?" धाकटीला राहवेना. "एक्स वर्गालाही अशी जोडीदार असेल का हो?"

थोरलीच्या कमरेला ती दूधवाल्याची चिठ्ठी खोचलेली होती. काढून दाखवायची, एवढंच करायचं होतं. "असेल," ती म्हणाली. "शोध की. एम.एस्सी. आहेस ना?"

धाकटी कागद घेऊन ओट्याच्या कडेला बसली. थोरलीने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि भाजी गरम करायला ठेवली. मग वाढून झाली, सगळ्यांची जेवणं सुरू झाली, तरी धाकटीची पेन्सिल चालूच होती. एकदा तिने सगळं खोडलं. मग पुन्हा सुरुवात केली. शेवटी ती ओरडली, "सापडली! एक भागिले, दोन वजा एक्सचा वर्ग!"

थोरलीने पुन्हा घड्याळात पाहिलं. पस्तीस मिनिटं. तिला स्वतःला वीस लागली होती.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. पण त्या दुपारी, किल्ली गेलेली असताना, सासरे बोलत नसताना, तिने भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.